आपलं लेकरू त्या घोळक्यात तर नाही?

मैत्रिणींनो,

लोणच्याला बुरशी का येते इथपासून सासूबाईंचा अबोला कसा सोडवावा इथपर्यंत तुम्ही मला काहीही विचारता, आणि मीही आपलं जमेल तसं सांगत असते. आज मात्र माझा एक सल्ला साफ चुकला, त्याची हकिगत सांगणार आहे. सल्ला देणाऱ्या बाईनं आपली चूक लपवून ठेवली, तर उद्या तिचं ऐकायचं तरी कुणी?

आमचं घाटंजी तसं लहान. वाघाडी नदीच्या काठचं, कापसाचं गाव. दिवाळीच्या सुमारास इकडे वेचणीची घाई असते, आणि त्याच दिवसांत ब्लाउज शिवणाऱ्या बायांना मान वर करायला फुरसत नसते. आमच्या शेजारची सून असंच शिवणकाम करते. तिची मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून कानामागे श्रवणयंत्र लावते. घरात त्याला ‘मशीन’ म्हणतात. आता घरात मशीनी दोन झाल्या, एक पायानं चालणारी आणि एक कानाला लावायची. दोन्हींवर घर चालतं, असं तिची आई हसत म्हणायची. नावं मी लिहीत नाही. गाव लहान आहे.

तर ही सून मागच्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी दुपारची माझ्याकडे आली. हातात रुमालात बांधलेलं ते यंत्र. शाळेतल्या पाण्याच्या टाकीत सापडलं म्हणे. त्याआधी तीनदा त्यातले सेल गायब झाले होते.

“काकू, पोट्टे तिले ‘भैरी, भैरी’ म्हणतेत. ‘मशीन’ म्हणून हाका मारतेत. आता शाळेतच जात नाही म्हणते पोरगी. काय करू?”

मी चहा ठेवला, आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं, लेकरंच ती. आपण लक्ष दिलं की जास्त चिडवतात. दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील.”

तिनं मान डोलावली, चहा घेतला आणि गेली. तुमच्यापैकी किती जणींनी हाच सल्ला दिला असेल, आणि किती जणींनी लहानपणी ऐकला असेल!

दिवाळीत नागपूरहून माझी नात आली. कॉलेजात शिकते. फराळाची ताटं झाली, पोरं कंटाळली, तशी ती म्हणाली, “आजी, आज मी तुम्हाला एक सिनेमा दाखवते. जपानी आहे. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, ती मी वाचून सांगते.” चित्रांचा सिनेमा, ज्याला ॲनिमेशन म्हणतात, म्हणजे लहान पोरांचं काहीतरी माकड-मांजराचं असेल असं मला वाटलं. अनारसे तळायचे बाकी होते, पण बसले. बसले ती शेवटपर्यंत उठले नाही.

सिनेमाचं जपानी नाव ‘कोए नो काताची’, म्हणजे ‘आवाजाचा आकार’. बाहेर तो ‘अ सायलेंट व्हॉइस’ म्हणून ओळखला जातो. २०१६ सालचा. दिग्दर्शन नाओको यामादा या बाईंचं, आणि मूळ चित्रकथा लिहिणारी-काढणारीसुद्धा बाईच, योशितोकी ओइमा. या ओइमांची आई खुणांच्या भाषेची दुभाषी होती, तेव्हा विषय घरातूनच आलेला.

गोष्ट थोडक्यात सांगते. शोको नावाची कर्णबधिर मुलगी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी नव्या वर्गात येते. जवळ एक वही ठेवते आणि सगळ्यांना सांगते, माझ्याशी बोलायचं असेल तर यात लिहा. सुरुवातीला पोरी लिहितात. मग कंटाळतात. मग हसू लागतात. शोया नावाचा एक वांड पोरगा तिची नक्कल करतो, कानातली यंत्रं ओढून काढतो, फेकतो, मोडतो. वही तळ्यात जाते. वर्गातली बाकीची मुलं? काही हसतात, काही खाली बघतात. गुरुजींना सगळं ठाऊक असतं, पण ते गप्प असतात.

शेवटी बोभाटा होतो, मुख्याध्यापक वर्गात येतात. आणि मग तेच गुरुजी एकट्या शोयाकडे बोट दाखवतात. काल त्याच्याबरोबर हसणारी मुलंही लगेच त्याच्याकडे बोट दाखवतात. दुसऱ्या दिवसापासून छळ सुरू होतो तो शोयाचा. त्याच्या बाकावर शिव्या लिहिल्या जातात. रोज सकाळी कुणीतरी तो बाक पुसताना दिसतं, ती शोको असते. त्या गाढवाला हे कळतं ते ती शाळा सोडून गेल्यावर.

मैत्रिणींनो, मी इथे डोळ्याला पदर लावला. पण खरी कासावीस झाले ती शोयाच्या आईमुळे. ती घरातच केस कापायचं दुकान चालवते. एकटीच्या कमाईवर संसार. यंत्रं मोडल्याचं कळल्यावर ती पैसे काढते आणि शोकोच्या आईकडे जाते, वाकून माफी मागते. परत येते तेव्हा तिच्या कानातून रक्त येत असतं. ते कसं आलं हे सिनेमा सांगत नाही. ती मुलाला मारत नाही, ओरडत नाही. मुलगा तो कान बघतो, बस्स.

आमच्या वयाच्या बायांना आठवत असेल, १९७२ साली गुलजारांचा ‘कोशिश’ आला होता. संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघं ऐकू न येणारी नवरा-बायको. तोही एका जपानी चित्रपटावरूनच सुचलेला. तेव्हाही आपण रुमाल ओले करून घरी आलो होतो. पण ‘कोशिश’ बघताना आपण सहज त्या दोघांच्या बाजूला बसतो. हा नवा सिनेमा आपल्याला उचलून दुसऱ्याच पाटावर बसवतो, छळणाऱ्याच्या आईच्या पाटावर. तिथं बसणं सोपं नाही, बरं का.

आता घरातली गोष्ट. यंत्र ओढायचा प्रसंग आला तेव्हा माझा सातवीतला नातू पाणी प्यायला म्हणून उठला आणि परत आलाच नाही. त्या रात्री चकलीलासुद्धा त्यानं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गहू वाळत घालताना त्याला हाताशी घेतलं. काही विचारलं नाही. थोड्या वेळानं आपणच म्हणाला, “आजी, टाकीत मी नाही टाकलं. पण कोणी टाकलं ते मला माहीत होतं. मी हसलो होतो.” आणि मग अगदी हळू, “सेल मी काढले होते. दोनदा. लायटीच्या खेळण्यात बसतात का बघायला.”

हातातलं सूप खाली ठेवलं मी. ‘लेकरंच ती’ असं मी ज्यांना म्हटलं होतं, त्यांत माझंही लेकरू होतं.

सूनबाईला सांगितलं. तिचं पहिलं वाक्य होतं, “आई, आपल्याच पोराचं नाव कशाला पुढे करायचं? टाकणारा दुसराच आहे ना?” मुलगा म्हणाला, “यंत्राचे पैसे देऊन टाकू, विषय संपला.” दोघांचाही राग आला नाही मला. आपल्या पोरावर पांघरूण घालणं आईच्या हाडात असतं. पण त्या सिनेमातल्या बाईचा कान माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी आम्ही तिघी-चौघं गेलो, नातवाला मध्ये घेऊन.

शेजारणीनं मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या काकू. तसं काही झालं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “काकू, तुम्हीच म्हटलं होतं ना, दुर्लक्ष कर म्हणून?”

काय बोलणार? बरोबरच होतं तिचं.

आणि आतल्या दारात उभी असलेली ती पोरगी, जिचं यंत्र गेलं, जिला सगळे हसले, ती काय म्हणाली असेल? “सॉरी काकू.” आपल्यामुळे एवढी मोठी माणसं घरी आली, म्हणून तीच माफी मागत होती!

हेच त्या सिनेमातली शोकोही करते. धक्का बसला तरी माफी, वही गेली तरी माफी. बघणाऱ्याला आधी वाटतं, किती गुणी मुलगी. नंतर कळतं, हा गुण नव्हे. आपण असणं हाच लोकांना त्रास आहे, असं त्या पोरीच्या मनानं घेतलेलं आहे. पुढे ती स्वतःचा जीव संपवायला निघते, आणि तिला वाचवताना शोया मरतामरता वाचतो. म्हणून सांगते, घरातलं एखादं लेकरू कारण नसताना सारखं ‘सॉरी’ म्हणत असेल, तर त्याच्या शहाणपणाचं कौतुक करत बसू नका. त्याला कोण काय म्हणतं, ते शोधून काढा.

पण माफी कशी मागायची? सिनेमाचं खरं सांगणं मला यातच दिसलं. शोया काही वर्षांनी शोकोला शोधत जातो, तेव्हा तिची ती तळ्यातली वही परत घेऊन जातो. आणि जाण्याआधी तो खुणांची भाषा शिकलेला असतो. आपल्या सोयीच्या भाषेत चार शब्द टाकून तो मोकळा होत नाही. जिची माफी मागायची, तिची भाषा आधी शिकतो. पैसे देणं सोपं, हात जोडणंही सोपं. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ हीच माफी.

आमच्या नातवाला मी तेच काम दिलं. आता त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते. कारण अशी मुलं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि यंत्र लावणारे आजी-आजोबा तर घरोघरी.

यंत्र लावलेल्या माणसाशी बोलताना ओरडू नये. यंत्र आवाज मोठा करतंच, त्यावर आपण ओरडलो की शब्द फाटतात. समोर यावं, तोंडावर उजेड पडेल असं उभं राहावं, हात किंवा पदर ओठांवर ठेवू नये, आणि नेहमीसारखंच पण स्पष्ट बोलावं. पाठीमागून हाक मारून ‘ऐकत नाही’ म्हणू नये. मिक्सर, पंखा, टीव्ही चालू असेल तर आधी बंद करावा. यंत्राला बोलणं आणि गोंगाट आपल्या कानाइतके वेगळे काढता येत नाहीत. वर्गात अशा मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीच्या गलक्यापासून लांब बसवायला गुरुजींना सांगावं.

यंत्राला पाणी आणि घाम सोसत नाही. अंघोळीच्या आधी काढावं, रात्री कोरड्या कापडानं पुसून झाकणाच्या डबीत ठेवावं. नव्या पर्स-बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात, तशी एक पुडी त्या डबीत टाकावी. ती फोडू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. कित्येक यंत्रांच्या सेलवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढल्यावर सेल लगेच न बसवता मिनिटभर हवेत ठेवावा, म्हणजे नीट चालतो. हे सेल बटणाएवढे असतात. लहान बाळाच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठा.

मुलाला ऐकू येतं की नाही ही शंका असेल तर ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यात कानाचीही तपासणी असते. आमच्याकडच्या बायांना पुढच्या तपासणीसाठी एसटीनं यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. यंत्रासाठी सरकारी योजनेतून मदत मिळू शकते, त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवावं. ते काढायला लाजू नका. चष्म्याला कुठे लाजतो आपण?

आता चिडवण्याबद्दल. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मी आजपासून मागे घेतला. लेकरू सांगत असेल तर आधी पूर्ण ऐका, मध्ये ‘तू काय केलं होतंस?’ असं विचारू नका. कधी, कुठे, कोण होतं, हे वहीत तारीख घालून लिहा. मग वर्गशिक्षकांना भेटा, एकटीला धीर होत नसेल तर दोघी-तिघी मिळून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना मनाई केली आहे. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असावी, असे आपल्या राज्य सरकारचे आदेश आहेत. तुमच्या शाळेत ती आहे का, विचारा तरी.

पण एक लक्षात ठेवा. एकाच पोराला वर्गासमोर उभं करून ‘हाच तो’ म्हणणं, हे त्या सिनेमातल्या गुरुजींनी केलं. त्यानं छळ थांबला नाही, नुसता एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेला. आमच्या शेजारणीनं शाळेत जाऊन हेच सांगितलं, आणि मला तिचा अभिमान वाटला. ती म्हणाली, “एकट्याले मारू नका सर. हसणारे सगळे होते.” यंत्र टाकीत टाकणाऱ्या पोराच्या घरी ती आणि मी दोघी गेलो. तिथं काय बोलणं झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की तिथली आईही रडली, आणि शोयाच्या आईसारखी तीही एकटीच होती.

मुलाचं वागणं एकदम बदललं, खाणं-झोपणं तुटलं, ‘मी नसलेलं बरं’ असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू झालेला. तो फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. दोन्ही नंबर कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. आणि हा सिनेमा दाखवायचा असेल तर बारा-तेरा वर्षांच्या पुढच्यांना, शेजारी बसून दाखवा. जीव द्यायला निघण्याचे प्रसंग त्यात आहेत. लहानांना एकट्यानं बघायला देऊ नका.

तुम्ही विचाराल, त्या पोरीचं पुढे काय झालं? आत्मविश्वास काही ‘तू हुशार आहेस, तू शूर आहेस’ असं म्हणून येत नाही. तिच्या आईनं एक साधी गोष्ट केली. शिवायला टाकायला येणाऱ्या बायांची मापं घ्यायचं आणि वहीत लिहायचं काम पोरीला दिलं. छाती, कंबर, बाही, गळा. आता येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्यासमोर उभं राहून, तिच्याकडे बघून, नीट बोलावं लागतं, नाही तर ब्लाउज बिघडतो! एक-दोघी आधी कुरकुरल्या. मग सवय झाली. परवा एका बाईनं पुटपुटत बाहीचं माप सांगितलं, तर पोरगी पेन थांबवून म्हणाली, “बाई, इकडे पाहून सांगा.” ‘सॉरी’ म्हणाली नाही.

आणि आमचा नातू? ती त्याच्याशी बरेच दिवस बोलली नाही. मी बोलायला लावलंही नाही. माफ करायचं की नाही, कधी करायचं, हे तिचं तिनं ठरवायचं. तो रोज सकाळी शाळेला निघताना तिच्या दारासमोर थांबायचा, ती बाहेर आली की समोर उभा राहून म्हणायचा, “चल, उशीर होतो.” पहिले दोन आठवडे ती आईचा हात धरून दुसऱ्या बाजूनं गेली. तो तसाच मागून जायचा. मी गॅलरीतून बघायची, जीव थोडा थोडा व्हायचा. पण हाक मारली नाही.

गेल्या महिन्यात एक दिवस तो घाईत होता, खालूनच जोरात ओरडला. ती दारात आली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

“ओरडतं काहून? आयकू येते मले.”

आणि दोघं निघाली. तो पुढे, ती मागे, चार हात अंतर ठेवून. चार हात म्हणजे फार नाही.

मैत्रिणींनो, आज रात्री पोरांना वाढताना ‘तुला कुणी चिडवतं का?’ हे तर विचाराच. पण त्याबरोबर दुसरंही विचारा, ‘तुमच्या वर्गात सगळे कुणाला हसतात? आणि तेव्हा तू काय करतोस?’ उत्तर आलं तर ताटावरून उठवू नका, रागावू नका. पोळी वाढा आणि ऐका.

पुढच्या अंकी भेटूच. तोवर तुमची पत्रं येऊ द्या.

तुमचीच,
घाटंजीची काकू